वळखलं, आपन हारलो

आमच्या मामाजींइतक्या वेळा हरलेला आणि तरीही कधीच मात न झालेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात, मग तो मामा असो की नसो. केनवडला त्यांची बऱ्यापैकी शेती होती, घरापुढे लांबलचक ओसरी होती, ओसरीवर बाज होती आणि बाजेवर दिवसाचा बराच भाग मामाजी असत. देवाने त्यांना दोन तेज डोळे दिले होते. ते शेतीकडे बघण्यासाठीच दिले असावेत असं सासूबाईंचं ठाम मत. पण मामाजींनी ते खेळाडू ओळखण्याच्या कामाला लावले. खेळ कुठलाही असो, तो सुरू होण्याआधी कोण जिंकणार हे मामाजी सांगत. आणि स्वतः बुद्धिबळाला बसले, की समोरचा आपल्याहून वरचढ आहे की नाही हे पहिल्या दोनचार चालींतच हेरत. तो वरचढ निघाला, की लगेच दोन्ही हात जोडून म्हणत, "वळखलं! आपन हारलो. चहा सांगा." डाव तिथेच मोडायचा, चहा यायचा, आणि हरलेले मामाजी जिंकणाऱ्यापेक्षा जास्त खुशीत बशी फुंकत बसायचे. त्यामुळे मामाजींच्या राजावर मात झालेली केनवडात कोणीही पाहिलेली नव्हती. मी एकदा विचारलं, की शेवटपर्यंत खेळून पाहायला काय हरकत आहे? तर म्हणाले, "ठेच लागल्यावर गोटा तं बैलबी वळखते. लागाच्या आंधी वळखला पाह्यजे."

त्यांची ही पारख नुसत्या बुद्धिबळापुरती नव्हती. जत्रेत कुस्त्या लागल्या, की लोक पहिलवानांच्या दंडांकडे बघत. मामाजी त्यांच्या कपड्यांकडे बघत. जो पहिलवान सदरा काढून नीट घडी करून ठेवतो तो जिंकणार, आणि जो भिरकावतो तो आपला दमही असाच भिरकावणार, हा त्यांचा सिद्धांत. कबड्डीला जो गडी मांडीवर थापा मारत मोठ्याने हसतो त्याला ते आधीच बाद समजत, आणि कोपऱ्यात गुपचूप तळव्याला माती चोळणाऱ्याकडे बोट दाखवत. शंकरपटाला बैलजोड्या धावायच्या आधी ते त्यांचं पाणी पिणं बघून यायचे. गावची कबड्डीची पोरं सामन्याला निघाली, की मारुतीच्या पाया पडून थेट मामाजींच्या ओसरीवर यायची, आणि समोरच्या गावचा कोणता गडी भारी हे विचारून मगच गाडीत बसायची. लग्नाच्या पंगतीत पत्रावळ ओढून घेण्याच्या नुसत्या रीतीवरून ते खाणारा ओळखत आणि आचाऱ्याला जाऊन सांगत, "त्या कोपऱ्यातल्या पाव्हन्यापासून सावध राह्य, लाडू लपव." हरभऱ्याच्या शेतात वानरांची टोळी यायची. त्यांतला एक थोराड वानर गोफणीचा दगड सुटायच्या आधी राखणदाराच्या खांद्याकडे बघून बाजूला सरकतो, हे मामाजींनी हेरलं, आणि त्या दिवसापासून बांधाकडची हरभऱ्याची एक ओळ त्याच्या नावाने सोडून दिली. राखणदाराला म्हणाले, "हा खेळाडू हाये. ह्याच्या मांगं लागू नोको, बाकीच्यायले हाकल." बाजारातही तेच. मिरचीवालीने भाव सांगताना मान वर केली नाही, तर मामाजी हात जोडून ती म्हणेल तो भाव देऊन मोकळे. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "ह्यायले बजारात पाठवनं म्हंजे बजारवालीले आहेर पाठवनं."

या असल्या माणसाच्या नजरेला मी पडलो तो मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मी मंगरूळपीरला तहसील कचेरीत कारकून होतो. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. पुढे तो मुंबई राज्यात गेला. मामाजी मात्र दोन्ही राज्यांत केनवडातच राहिले आणि दोन्ही राज्यांचे खेळाडू बाजेवर बसूनच ओळखत राहिले. तर मी आणि माझे काका गेलो. पगार, शिक्षण, घर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं काकांनी बसमध्ये माझ्याकडून पाठ करून घेतली होती. मामाजींनी त्यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी बुद्धिबळाचा कापडी पट पसरला, लाल-हिरव्या सोंगट्या मांडल्या आणि म्हणाले, "बसा."

आमच्या घरात पत्ते आणि बुद्धिबळ ही दोन्ही रिकामटेकड्यांची कामं समजली जात. मी सरळ सांगितलं, "मला येत नाही." मामाजींचा चेहरा उजळला. काकांकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? पह्यलंच वाक्य! जो खेळाडू असते तो कदी मनन का, मले येते मनून?" त्यावर काकांनीही, स्थळ हातचं जाऊ नये म्हणून, मान डोलावली. मी पटाकडे बघत बसलो. त्या देशी सोंगट्या म्हणजे खरादावर उतरवलेले लाकडी गोंडे. एक थोडा उंच, एक थोडा बुटका, एवढाच फरक. कोणता हत्ती आणि कोणता उंट हे मला मारून टाकलं तरी सांगता आलं नसतं. पुढच्या ओळीतले सगळे सारखे दिसत होते, तेव्हा ती प्यादी असणार एवढा अंदाज मी बऱ्याच वेळाने बांधला. एका सोंगटीवर बोट ठेवलं, भीती वाटली, बोट मागे घेतलं. मामाजी काकांच्या कानात म्हणाले, "हात मांगं घेतला!" मग मी अगदी कडेचं प्यादं उचललं, आणि नेमक्या त्याच वेळी मुलगी चहा घेऊन बाहेर आली. माझा हात प्याद्यासकट हवेतच राहिला. किती वेळ राहिला मला माहीत नाही. ती आत गेल्यावर मी ते प्यादं एक घर पुढे ठेवलं. मामाजींनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "वळखलं! आपन हारलो." चहा आधीच आला होता, म्हणून त्यांनी पेढे सांगितले. लग्न ठरलं.

"बाबानं तुमाले नाही, तुमच्या प्याद्याले पोरगी देल्ली," असं माझी बायको पुढे कित्येक वर्षं म्हणायची.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला गेलो तेव्हा केनवडात माझं नाव झालेलं होतं. रस्त्याने जाताना लोक थांबून बघत. मी मामाजींना बाजूला घेऊन म्हणालो, की मामाजी, खरंच सांगतो, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मामाजींनी हे वाक्य ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, आणि विनय कसा असावा यावर बोलले. मी जितकं नाकारावं तितकी माझी कीर्ती वाढत होती. स्वतः मामाजी माझ्याशी कधी खेळत नसत, कारण एकदा हार मानल्यावर पुन्हा बसणं त्यांना अपमानाचं वाटे. माझा की त्यांचा, ते मला कळलं नाही. बरं, खेळ शिकून घ्यावा म्हटलं तर शिकवणार कोण? मंगरूळपीरला दर्ग्याजवळच्या झाडाखाली काही मंडळी डाव मांडून बसत. त्यांच्याजवळ जाऊन मी नुसतं "शिकवा" म्हटलं, तर ते हसत उठून मला जागा करून देऊ लागले. मामाजींचा शब्द माझ्या आधीच तिथे पोचलेला होता.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये शेठजी आले. रिसोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि केनवडच्या बाजाराला ते कापडाचे गठ्ठे घेऊन येत. जैन माणूस, सडसडीत, बोलणं मऊ. बाजार उलगत आला, की दुकान नोकरावर सोपवून ते मामाजींच्या ओसरीवर येत आणि दोघे पट मांडत. जगात हा एकच माणूस असा, की ज्याच्यापुढे मामाजींनी हातही जोडले नव्हते आणि ज्याला हरवलंही नव्हतं. कारण शेठजींचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं. सासूबाई त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळं पिठलं टाकत. भाकरीचा पहिला पापुद्रा सुटला, की डाव असेल तिथे मोडे, आणि कोण भारी हा प्रश्न पुढच्या बाजारावर जाई. तर एकदा याच ओसरीवर, दहा माणसं बसलेली असताना, शेठजी हसत म्हणाले, "पाटील, तुमचा जवाई मोठा खेळाडू, हे तुमी सांगता मनून आमी मानतो. पन त्याले खेळताना कोनी पाह्यलं हाये का?"

लोक हसले. नुसतेच हसले, वाईट मनात कोणाच्याच नव्हतं. पण मामाजींना ते फार लागलं. ते बाजेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या बजाराले जवाईबापू इथं बसतीन. आन ते हारले, तं त्या दिवसापासून मी कोनाले वळखनार नाही. ना पहिलवान, ना बैल. डोळे मिटले समजा."

दुसऱ्या दिवशी मामाजी बसने मंगरूळपीरला हजर. कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून त्यांनी मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमाले काही कराचं नाही. फकत बसाचं हाये." त्यांच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता, की माझी जीभ उचलेना. तरी मी एकदा म्हणालोच, "मामाजी, मला येत नाही हो." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घरी बायकोला विचारलं, न जाऊन चालेल का? तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुमी गेले नाही, तं बाबा सगळ्यायसमोर खोटे पडतीन. गेले तरी पडतीनच. पन गेले तं तुमी जवळ असान." मी रजेचा अर्ज दिला.

बाजाराच्या दिवशी ओसरी खालपासून वरपर्यंत भरली होती. कबड्डीची पोरं तर खांबांना धरून उभी होती. त्यांचा पुढच्या आठवड्यात सामना होता, आणि मामाजींनी डोळे मिटले तर त्यांना विचारायला दुसरं कोणी नव्हतं. पटाजवळ कोणी यायचं नाही असं मामाजींनी बजावलं होतं. ते एकटे आमच्या बाजूला, खांद्यावरचा शेला सावरत, ताठ बसले होते. मी मनाशी ठरवून आलो होतो, की सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. बसल्याबरोबर मोठ्याने म्हणालो, "मंडळी, मला हा खेळ येत नाही." सगळ्या ओसरीने टाळ्या वाजवल्या.

मग मी एकच युक्ती केली. शेठजी जे प्यादं हलवतील, त्याच्या समोरचं आपलं हलवायचं. पहिल्या काही चाली अशा निभावल्या, आणि लोक म्हणू लागले, की पाहा, टक्करले टक्कर देऊन राह्यले. शेठजींनी एकदा माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. नंतर त्यांनी आपला वजीर उचलला आणि आणून ठेवला तो बरोबर माझ्या एका प्याद्याच्या तिरप्या घरात. आज मला कळतं, की तो वजीर त्यांनी माझ्या पानात वाढला होता. प्यादं तिरपं मारतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो डोळे मिटून उचलला असता. मला ते ठाऊक नव्हतं. वजीर आपल्याला काही करतो की काय या भीतीने मी अगदी दुसऱ्या टोकाचं, कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

ओसरीवर एक मोठा श्वास ऐकू आला. खांबाजवळचा एक म्हातारा म्हणाला, "वजीर सोडला बाप्पा! काय मन हाये!" आणि सगळीकडे कुजबुज झाली, की यात काहीतरी फार खोल आहे. शेठजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानामागून घाम वाहत होता. मग त्यांनी मामाजींकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. मामाजींची नजर वजिरावर होती. तिथून ती प्याद्यावर गेली, प्याद्यावरून माझ्या हातावर आली. ओठांवरचं हसू तसंच होतं, पण हातांनी शेल्याचं टोक घट्ट धरलेलं होतं. मला आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्या माणसाबद्दल इतकी मायाही कधी वाटली नव्हती.

शेठजींनी पटावरून हात मागे घेतले. ते जोडले. आणि मामाजींच्याच चालीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वळखलं. आपन हारलो. तोंडाशी आलेला वजीर जो मानूस मारत नाही, त्याच्यासंग आपन काय खेळाव?"

त्यात एक हरल्याचं सोडलं, तर बाकी सगळं खरंच होतं. ओसरी दणाणली. पोरांनी मला उचललं. एका पोराने मामाजींना विचारलं, की आता सामन्याचं सांगा, समोरच्या संघात कोणाला धरायचं? मामाजी म्हणाले, "पाहू." ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खेळाडूबद्दल "पाहू" म्हटलं नव्हतं, तो "पाहू" म्हणाला. त्या दिवशी शेठजी ऊन चांगलं वर असतानाच जेवले, आणि एरवी पाव्हण्याला बाजेवरूनच रामराम करणारे मामाजी त्यांच्यासोबत पार गावाच्या शिवेपर्यंत चालत गेले. तिथे त्यांचं काय बोलणं झालं, की झालंच नाही, हे कोणाला माहीत नाही. परत आले ते थेट गोठ्यात गेले आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी मागोमाग निघालो होतो, पण बायकोने सदऱ्याला धरून मला मागे ओढलं. "आज नोका बोलू," ती म्हणाली.

सकाळी मी तोंड धुऊन ओसरीवर आलो, तर मामाजींनी पट पसरून ठेवला होता. ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे न बघता त्यांनी एक सोंगटी उचलून माझ्या तळव्यावर ठेवली.

"हा हत्ती," ते म्हणाले. "सीदा चालते. हा उंट, तिरपा. हा घोडा, अडीच घरं." एकेक करून त्यांनी सगळं सैन्य माझ्या हातात दिलं. शेवटी प्यादं उरलं. ते त्यांनी बोटांत थोडा वेळ फिरवलं. "हे प्यादं. चालते सीदं, पन मारते तिरपं."

"मामाजी," मी म्हणालो, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो…"

"सांगत होते. मीच आयकत नोतो." ते हळूच हसले. "पन माही नजर चुकली नाही, जवाईबापू. मानूस बराबर वळखला होता. खेळ तेवढा शिकाचा राह्यला होता."

एवढं म्हणून ते उठले, पायांत जोडे घातले आणि कबड्डीच्या पोरांना सामन्याचं सांगायला स्वतः त्यांच्या घरी गेले. पुढच्या बाजाराला शेठजी ओसरीवर आले, तेव्हा सोंगट्या मांडायच्या आधीच मामाजींनी त्यांच्यापुढे हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वळखलं," म्हणाले, "आपन हारलो." शेठजी म्हणाले, "चहा नोको पाटील, डाव मांडा," आणि दोघे पुन्हा पहिल्यासारखे, पिठलं होईपर्यंत, खेळत बसले. तो डावही मोडलाच.

त्यानंतर मी केनवडला जाई तेव्हा सकाळ आमची ठरलेली असे. मामाजी शिकवत आणि मी हरत असे. मी थोडाफार सुधारलो, शेठजी मला रस्त्यात गाठून "काय खेळाडू?" म्हणत आणि एक डोळा बारीक करत. होता होता मामाजींच्या त्या नामांकित डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला. दारात कोण उभं आहे हे त्यांना आवाजाशिवाय कळेना. तरी पहिलवान गावात आला, की ते त्याचा सदरा मागवून घेत आणि घडी हाताने चाचपून बघत.

आमचा शेवटचा डाव झाला तो थंडीच्या दिवसांत, सकाळच्या उन्हात, त्याच बाजेवर. मी पट मांडला. मी चाल करायची आणि तोंडाने सांगायची, असं ठरलं. मी कडेचं प्यादं एक घर पुढे ठेवलं आणि म्हणालो, "मामाजी, कडेचं प्यादं, एक घर." त्यांनी हात लांब करून पटावर चाचपलं. ते प्यादं सापडल्यावर बोटं त्याच्यावर थोडा वेळ तशीच ठेवली. मग दोन्ही हात जोडले.

"वळखलं," ते म्हणाले.

"अहो मामाजी, अजून एकच चाल झाली आहे!"

"लय झाली. आपन हारलो, जवाईबापू. चहा सांगा."

आयुष्यात पुढे मला काही बढत्या मिळाल्या, चारचौघांत मानही मिळाला. पण इतकं मोठं मला कोणी मानलं नाही. मी चहा सांगायला आत गेलो, आणि चहा झाला तरी बराच वेळ आतच थांबलो.